पाणलोटाच्या माथ्यावरची गावे आणि त्यांचे सांडपाणी

धाराशिव जिल्ह्याचा नकाशा पुढे पसरून बालाघाटाच्या रांगेवरून बोट फिरविले म्हणजे ध्यानात येते की, शिवेवरून वाहणाऱ्या सीना आणि मांजरा या दोन नद्या वगळल्या, तर बाहेरून पाणी घेऊन येणारी मोठी नदी या मुलखात शिरतच नाही. पठारावर पडलेला पाऊस दोन्ही अंगांना ओघळून जातो, त्यातला उत्तरेचा आणि पूर्वेचा वाटा तेरणेतून मांजरेला व मांजरेतून गोदावरीला मिळतो, आणि दक्षिणेचा व पश्चिमेचा वाटा भोगावती, बोरी, सीना यांच्या वाटेने भीमेत उतरून अखेर कृष्णेच्या खात्यात जमा होतो. पावसाचे मान वर्षाकाठी सातशे ते आठशे मिलिमीटर, आणि तेही मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांतले. संक्रांत सरली की बहुतेक नद्यांची पात्रे कोरडी पडू लागतात आणि चैत्रात त्यांतून बैलगाडी निर्वेधपणे जाते. अशा पाणलोटाच्या माथ्यावर वसलेल्या गावांनी आपले सांडपाणी कोठे आणि कोणत्या अवस्थेत सोडावे, हा प्रश्न गंगेकाठच्या किंवा कोकणातल्या गावांना पडणाऱ्या प्रश्नाहून अगदी वेगळा आहे. परंतु त्याचे उत्तर मात्र आजवर बारमाही नद्यांच्या प्रदेशांतून आयते उचलून आणले गेले, आणि या विषयातल्या बहुतेक अपयशाचे मूळ येथे आहे असे माझे मत आहे.

धाराशिव शहराच्या पाण्याचा प्रवास या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे. तेरणेवरील प्रकल्पाने शहराची तहान भागेनाशी झाली, तेव्हा भीमेवरच्या उजनी जलाशयातून नळयोजना आणावी लागली. आता उजनीत येते ते पाणी कोणाचे? मुळा, मुठा, पवना आणि इंद्रायणी या नद्या पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन महानगरांचा मैला पोटात घेऊन भीमेला मिळतात, आणि तीच भीमा उजनी भरते. म्हणजे पुणेकरांच्या मोरीतून एकदा गेलेले पाणी, विरळ होऊन आणि शुद्धीकरणाचे संस्कार होऊन का होईना, धाराशिवकरांच्या घागरीत येते. त्याबद्दलची धाराशिवकरांची तक्रार रास्तच आहे. मात्र त्यांच्या स्वतःच्या वापरातून निघालेले पाणी नाल्यांवाटे भोगावतीत, भोगावतीतून सीनेत, आणि जेथे शके ९४० चा मराठी शिलालेख आहे त्या हत्तरसंग-कुडलच्या संगमावर पुन्हा भीमेतच जाते, आणि तेथून खाली त्यांच्याविषयी तीच तक्रार करणारी गावे आहेत, हेही विसरून चालत नाही. सीनेचेही तेच. अहिल्यानगर शहरातून वाहत आलेली ही नदी परंड्याच्या हद्दीत सीना-कोळेगावच्या जलाशयाला मिळते तेव्हा ती वरच्या शहराची खूण बरोबर घेऊनच आलेली असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ दूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तीत महाराष्ट्राचे ५३ पट्टे होते, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. आणि त्या ५३ मध्ये भीमा, सीना व मांजरा या तिन्ही नद्यांची नावे होती.

या भूमीला पाण्याची कदर नव्हती असे मात्र कोणी म्हणू नये. पहिल्या शतकातील ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवरचे म्हणून ज्या तगर नगराचा उल्लेख येतो, ते आजचे तेर तेरणेच्या काठी वसले आणि व्यापाराने भरभराटले. पुढे संत गोरोबाकाकांची समाधीही त्याच काठी झाली. नळदुर्गात तर आदिलशाही कारागिरांनी सतराव्या शतकाच्या आरंभी बोरीवर धरण घालून त्या धरणाच्याच पोटात पाणीमहाल रचला, आणि पावसाळ्यात नर-मादीचे दोन प्रपात कोसळत असता आतल्या गवाक्षात बसणाऱ्याच्या अंगाला पाण्याचा थेंबही लागू नये अशी त्याची योजना केली. पाणी अडविणे, साठविणे, त्याची शोभा करणे या सर्व विद्या येथे होत्या. वापरून झालेल्या पाण्याची विद्या तेवढी नव्हती; कारण तिची गरजही तेव्हा फारशी नव्हती.

गरज नव्हती, कारण मैला आणि पाणी या दोन वस्तू एकमेकांत मिसळल्या गेल्या नव्हत्या. नगरपालिकांच्या आरंभीच्या काळात संडास टोपलीचे असत, मैला गाड्यांतून गावाबाहेरच्या खतडेपोवर जाई, तेथे केरकचऱ्याबरोबर कुजून त्याचे सोनखत होई आणि पालिका त्याचा लिलाव पुकारून शेतकऱ्यांना विकीत असे. जमिनीतून आलेले जमिनीला परत जाई, एवढ्यापुरती ती व्यवस्था निर्दोष होती. परंतु तिचा सारा भार एका जातीच्या माणसांच्या डोक्यावर अक्षरशः लादलेला होता, आणि ज्या समाजाने तो पिढ्यान्‌पिढ्या निर्विकारपणे पाहिला त्याला त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा अधिकार नाही. ती गेली हे उत्तमच झाले. मात्र तिच्या जागी पाण्याचा संडास आला, त्याच्यामागे सेप्टिक टाकी आली, टाकीचे ओसंडणारे पाणी रस्त्याकडेच्या नालीत आले, आणि नाली ओढ्याला मिळाली. या साखळीची शेवटची कडी कोठे जोडायची याचा विचार कोणी केला नाही.

येथे इतिहासातली एक विसंगती नोंदविण्याजोगी आहे. १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. त्यांनी पुरापासून संरक्षणासाठी जलाशयांची आणि शहरासाठी भुयारी गटारांची योजना आखून दिली, आणि १९२० साली पुरा झालेल्या जलाशयाला उस्मानसागर हे नाव मिळाले. ज्या निजाम मीर उस्मान अली खानावरून ते पडले त्याचेच नाव ज्या कसब्याला दिले गेले, त्या उस्मानाबादेला मात्र उघड्या नाल्याच राहिल्या. १९४८ साली संस्थान विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, २०२३ साली गावाला धाराशिव हे जुने नाव सरकारी दफ्तरातही परत मिळाले. नाल्या बव्हंशी होत्या तशाच वाहत राहिल्या. भुयारी गटारासाठी शहरातले रस्ते खणले गेले ते अगदी अलीकडच्या वर्षांत.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर उणीव कोठेच दिसत नाही. नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमातील कलम ४९ सांडपाण्याची व्यवस्था ही पालिकेच्या कर्तव्यांत घालते. जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा महाराष्ट्राने १९६९ साली, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्याच्याही आधी केला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी १९७० मध्ये मंडळ नेमले. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांना शुद्धीकरण केंद्रांसाठी तीन वर्षांची मुदत घालून दिली. मुदत उलटल्यास भरावयाच्या दरमहा दंडाचे कोष्टक राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने बांधले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये घनकचरा व सांडपाणी या दोन्ही बाबतींतील कसुरीबद्दल महाराष्ट्र राज्यावर सुमारे १२,००० कोटी रुपयांची भरपाई बसविली. एवढे हुकूम झाले. परंतु दंडाने नाला स्वच्छ होत नाही. तो दंड सरकारी तिजोरीतून, म्हणजे ज्यांच्या घराशेजारून नाला वाहतो त्यांच्याच खिशातून भरला जायचा असतो.

निधीचेही तसेच. एक लाखावरच्या शहरांसाठी २०१५ ची अमृत योजना, लाखाखालच्या नगरांच्या सांडपाण्यासाठी स्वच्छ भारत अभियानाचा दुसरा टप्पा, अशी विभागणी केली गेली. जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम, परंडा, नळदुर्ग आणि मुरूम या आठ नगरपरिषदा व लोहारा, वाशी या दोन नगरपंचायती. त्यांपैकी २०११ च्या खानेसुमारीत लाखाचा आकडा ओलांडणारे गाव एकटे धाराशिव, सुमारे १ लाख १२ हजारांचे. बाकीची सारी पन्नास हजारांच्या आतली. जिल्ह्याच्या साडेसोळा लाख लोकसंख्येत सहा माणसांमागे एकच शहरात राहतो. या आकारमानाच्या गावांना महानगरांच्या मापाचे यंत्र पेलत नाही, हा मुद्दा निविदांच्या कागदांत हरवून जातो.

ते यंत्र म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. मैलापाणी प्रथम जाळीतून जाते, तेथे चिंध्या, प्लास्टिक अडते. मग वाळू खाली बसण्याची टाकी. पुढे मोठ्या हौदात पंख्यांनी अथवा दाबाच्या हवेने प्राणवायू मिसळतात, म्हणजे सूक्ष्म जंतू घाणीवर पोसून वाढतात आणि त्यांचाच गाळ होऊन तळाशी बसतो. वरचे निवळ पाणी क्लोरीन देऊन सोडतात. मँचेस्टरमध्ये १९१४ साली सिद्ध झालेली ही रीत फार कार्यक्षम आहे, जागा थोडी घेते. परंतु पंखे अष्टौप्रहर फिरावे लागतात आणि त्यांचे वीजबिल दर महिन्याला न चुकता येते. बांधकामाला अनुदान मिळते, बिल पालिकेने भरायचे असते. पथदिव्यांची आणि पाणीपुरवठ्याच्या पंपांची थकबाकी ज्या पालिकेला वर्षानुवर्षे निस्तरता येत नाही, तिने मैल्यात हवा मिसळण्यासाठी वीज विकत घ्यावी ही अपेक्षा कागदावरच शोभते. केंद्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे महाराष्ट्रातील शहरांत रोज ९,१०७ दशलक्ष लिटर सांडपाणी निघत होते, ६,८९० दशलक्ष लिटरांची केंद्रे उभारली गेली होती, आणि प्रत्यक्ष शुद्धीकरण ४,२४२ दशलक्ष लिटरांचेच होत होते. उभारलेल्या शक्तीपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक निपचित पडून होती. यंत्र बांधणे आणि यंत्र चालविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या अंदाजपत्रकांत पहिलीलाच मान आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहिला त्याकडे वळू. शुद्ध केलेले पाणी नदीत सोडण्यास योग्य झाले की नाही हे ठरविणारे माप कोठून आले? इंग्लंडात १८९८ साली नेमलेल्या राजआयोगाने १९१२ च्या आपल्या आठव्या अहवालात सांगितले की, पाण्यातली जैविक घाण कुजताना जो प्राणवायू ओढून घेते त्याचे मान लिटरला फार तर २० मिलिग्रॅम आणि तरंगत्या गाळाचे ३० मिलिग्रॅम असावे. पण त्याबरोबर एक अटही होती की, नदीत त्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी वाहते असावे. जगभरच्या प्रमाणांवर त्या अहवालाची छाया पडली. आकडे देशोदेशी कमीजास्त झाले. अट मात्र वाटेत कोठेतरी गळून पडली. भोगावतीत फाल्गुनात आठपट स्वच्छ पाणी कोठून आणणार? तेथे त्या महिन्यांत जे वाहते ते सगळेच सांडपाणी असते. नदी त्याला विरळ करू शकत नाही, कारण त्या दिवसांत नदीच नसते. अशा पात्रात उत्तम शुद्ध केलेले पाणी सोडले तरी ते डबक्या-डबक्यांत साचून पुन्हा सडते, आणि बेसॉल्टच्या भेगांतून काठच्या विहिरींत नि बोअरमध्ये उतरते.

यावरून निघणारा निष्कर्ष असा की, पावसाळ्याचे चार महिने सोडले तर या जिल्ह्यातील नगरांचे सांडपाणी नदीत सोडण्याची वस्तूच नव्हे; ते शेताला द्यावयाचे पाणी आहे. आणि कायद्यानेही हा मार्ग बंद केलेला नाही. १९८६ च्या पर्यावरण नियमांतील मूळ सर्वसाधारण प्रमाणांत नदीत सोडावयाच्या पाण्याला प्राणवायूच्या त्याच मापाने लिटरला ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली होती, पण सिंचनासाठी जमिनीवर सोडावयाच्या पाण्याला १०० ची. जमीन स्वतःच शुद्धीकरणाचा अर्धा भाग उचलते हे त्या फरकात गृहीत आहे.

शेतकऱ्याने हे केव्हाच ओळखले आहे. मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी, खालच्या अंगाला, जेथे शेवटची वस्ती संपते आणि नाला शेतात शिरतो, तेथे जाऊन पाहावे. काठाला बेशरम आणि पानकणीस माजलेली असते, पाण्यावर साबणाचा पांढरा फेस थरथरत असतो, खाली काळा रबरबीत गाळ. आणि त्यातच कोणीतरी पाच अश्वशक्तीची मोटार टाकून, प्लास्टिकच्या पिशव्या ओढल्या जाऊ नयेत म्हणून फूटव्हॉल्व्हला जुन्या टोपल्याचे अगर मच्छरदाणीचे वेष्टण बांधून, पाणी वर उचललेले असते. त्यावर मेथी, पालक, कोथिंबीर, जनावरांसाठी गिन्नी गवत, आणि थोडी जास्त जमीन असली तर ऊस. त्या शेतकऱ्याला युरिया निम्मा लागतो आणि उन्हाळ्यात त्याची विहीर आटली तरी पीक आटत नाही. तो खुळा नाही. परंतु त्या मेथीची जुडी सकाळी बाजारात येते तेव्हा तिच्या पानाला जंताची अंडी आणि आतड्याच्या रोगांचे जंतू चिकटून आलेले असतात, आणि ती खुडणाऱ्या बायांचे हात दिवसभर त्याच पाण्यात असतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली कच्च्या खाण्याच्या भाज्यांसाठी घातलेली मर्यादा लिटरला जंताचे एक अंडे अशी होती. आपल्याकडे वहिवाटीने चाललेल्या या सिंचनाला अशी कोणतीही चाळणी नाही. पालिका त्याच्याकडे कानाडोळा करते, कारण तिचे पाणी परस्पर खपते. पाटबंधारे खाते करते, कारण ते पाणी त्याच्या धरणातले नव्हे.

ही चाळणी उभी करण्यास सर्वांत सोपे आणि या हवामानाला सर्वांत मानवणारे साधन म्हणजे पाठोपाठ तीन प्रकारची तळी. पहिले खोल, तेथे गाळ बसून हवेवाचून कुजतो. दुसरे पुरुषभर खोलीचे, त्यात शेवाळ सूर्यप्रकाशाने प्राणवायू निर्माण करते आणि जंतू त्यावर आपले काम करतात. शेवटची उथळ, त्यांत उन्हाने रोगजंतू मरतात आणि जंताची अंडी तळाशी जातात. सारा प्रवास पंधरा-वीस दिवसांचा. पंखे नाहीत, वीज जवळजवळ नाही. एक पहारेकरी आणि काठचे गवत कापणारा माणूस पुरतो. इंग्लंडच्या थंड, ढगाळ हवेत जी गोष्ट मंद चालते ती धाराशिवच्या उन्हात झपाट्याने होते. नागपूरच्या नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने कर्दळ आणि पानकणसासारख्या वनस्पतींच्या मुळांतून पाणी गाळण्याची जी रीत प्रचारात आणली, तीही लहान गावांना याच कारणाने सोयीची आहे.

आक्षेप दोन येतात. पहिला जागेचा. दर दशलक्ष लिटरांमागे निदान हेक्टरभर जमीन तळ्यांना लागते हे खरे, परंतु पुण्यात जी जमीन सोन्याच्या भावाची तिची गोष्ट निराळी आणि माळरानाने वेढलेल्या परंड्याची निराळी. दुसरा आक्षेप बाष्पीभवनाचा. दुष्काळी मुलखात तळ्यांतून पाणी उडवून लावायचे काय? हिशेबच करू. धाराशिव शहराला माणशी १३५ लिटर हे सरकारी मान पुरविले गेले असे धरले (आज नळाला पाणी येण्याच्या दोन दिवसांतले अंतर पाहता ही आशावादी कल्पनाच आहे) आणि त्याचा ऐंशी टक्के भाग सांडपाणी होतो असे मानले, तर रोज सुमारे १२ दशलक्ष लिटर, म्हणजे वर्षाला जवळपास ४४ लाख घनमीटर होतात. बारा हेक्टर तळ्यांवरून वर्षाला दोन मीटर पाणी उडाले तरी ते अडीच लाख घनमीटरांच्या आतच, सारे मिळून विसाव्या हिश्शाच्या आसपास. उरलेले पाणी उसाला दिले तर हेक्टरी वीस हजार घनमीटरांच्या हिशेबाने दोनशे हेक्टर भिजतात. रब्बी ज्वारीला दिले तर हेक्टरी तीन हजारांच्या हिशेबाने तेराशेहून अधिक. एखाद्या पाझर तलावासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजविणाऱ्या जिल्ह्याने हा आकडा दुर्लक्षावा हे आश्चर्य आहे.

एक खरी धोक्याची सूचना मात्र येथे दिली पाहिजे, आणि ती वरच्या दोन्ही आक्षेपांहून वजनदार आहे. सांडपाण्यात साबण-सोड्याचे क्षार असतात. खोल काळ्या जमिनीचा निचरा मुळातच मंद. तिला बारमाही असे पाणी पाजले तर काही वर्षांत ती चोपण होते, आणि एकदा चोपण झालेली जमीन जिप्सम टाकून, चर खणून, सावकाशच सुधारते. म्हणून हे पाणी उसाच्या बारमाही पाटाला न लावता मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत, आठमाही पिकांना, चाऱ्याला, झाडोऱ्याला द्यावे आणि पावसाळ्याच्या धुण्याला वाव ठेवावा, हेच शहाणपणाचे. साखरेच्या राजकारणाने ज्या जिल्ह्याला ऊस हेच एकमेव पीक शिकविले त्याला हे पटवून देणे स्थापत्याच्या कामाहून कठीण जाईल.

जेथे भुयारी गटार नाही आणि नजीकच्या काळात होणारही नाही, त्या लहान नगरांचा प्रश्न टाक्यांतील गाळाचा आहे. मैला उपसणारी गाडी टाकी रिकामी करते आणि रात्री कोठल्यातरी ओढ्यात मोकळी होते, हे सर्वत्रचे उघड गुपित. कृष्णाकाठच्या वाईने आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नरने ठराविक वर्षांनी प्रत्येक घराची टाकी पालिकेमार्फत उपसून तो गाळ स्वतंत्र केंद्रात सुकविण्याची पद्धत बसविली. तिच्यात यंत्रापेक्षा वेळापत्रकच महत्त्वाचे आहे. खेड्यांचे काम त्याहून सोपे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे घेऊन नाल्याच बुजविल्या, आणि नाली नाही म्हणून डासही नाहीत असे दाखवून दिले. चिकण काळ्या मातीत शोषखड्डा लवकर तुंबतो, तेव्हा त्याची जागा आणि आतली वाळू-खडी पाहून घ्यावी लागते, एवढेच.

साखर कारखाने आणि आसवन्या यांच्या मळीच्या पाण्याविषयी स्वतंत्र लेखच हवा. येथे एवढेच म्हणतो की, त्यांचे प्रदूषण हंगामी आणि एका ठिकाणाहून होणारे असल्याने हाती धरण्यास सोपे असते, नगरांचे बारमाही आणि शंभर तोंडांचे. वाळूचा मुद्दा मात्र सोडून चालणार नाही. नदीच्या पात्रातली वाळू ही निसर्गाची गाळणी. थोडीबहुत घाण तिच्यात जिरून, हवेशी खेळून निघून जाई. तेरणा, मांजरा, सीना या तिन्ही पात्रांतली वाळू ट्रॅक्टरने उपसली गेली, उघड्या खडकावर आणि गाळावर वेडी बाभूळ माजली, आणि पात्रे आपली जुनी गाळण्याची शक्ती गमावून बसली. शुद्धीकरण केंद्राला कोट्यवधी रुपये मंजूर करायचे आणि फुकटची गाळणी लिलावात विकायची, या हिशेबात जमाखर्चाची कोणती पद्धत बसते ते महसूल खातेच जाणे.

कामांचा क्रम लावायचाच झाला तर पहिला मान लोकसंख्येने मोठ्या धाराशिवला न देता कळंबला द्यावा लागेल. कळंब मांजरेच्या काठी आहे आणि धनेगावचे मांजरा धरण त्याच्या खालच्या अंगाला. त्या जलाशयाचे पाणी लातूर पिते, अंबाजोगाई आणि केज पितात, कळंब स्वतः पिते. हे धरण आटले आणि २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ज्या वर्षी जलाशय मृतसाठ्यावर येतो, त्या वर्षी वरून येणाऱ्या नाल्याचा वाटा त्यात सर्वांत मोठा असतो. त्यानंतर तुळजापूर, कारण तेथे नवरात्रात आणि अश्विनी पौर्णिमेला गावाच्या वस्तीच्या कितीतरी पट माणूस येऊन जातो, आणि वर्षभराच्या सरासरीवर आखलेली कोणतीही योजना त्या आठवड्यात कोलमडते. आणि त्या तालुक्याचे पाणी उचलणारी बोरी पुढे नळदुर्गाच्या जलाशयात उतरते. धाराशिव तिसरे. तेथे गटारांचे काम चालू आहेच. नळ्या जमिनीखाली घालून झाल्या की त्यांचे तोंड कोठे उघडायचे, भोगावतीत की माळावरच्या तळ्यांत, हे कंत्राटाचा पुढचा खर्डा बांधण्याआधी ठरवावे लागेल. आणि शेतकऱ्यांशी पाण्याच्या वाट्याचा करारनामाही त्याच वेळी करावा, कारण आज नाल्यात मोटारी टाकून बसलेल्यांचे पाणी उद्या वर उचलले जाईल, तेव्हा त्यांना विचारले नव्हते ही तक्रार घेऊन ते जिल्हाधिकाऱ्यांच्या दारात येतील, आणि ती खोटी नसेल.